डोंगरावर चढलेले मोजता, उतरलेले कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात याच पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की हे ट्रेकिंगचं फॅड आता बंदच करा, जून ते ऑक्टोबर सगळ्या गडांना कुलूप लावा, लोक हौसेने मरायला जातात आणि मग पोलिसांना नि गावकऱ्यांना रात्रीबेरात्री शोधत फिरावं लागतं. मी ते पत्र दोनदा वाचलं. कारण साहेब, ते ज्यांना "शोधत फिरावं लागतं" म्हणतायत ना, त्यांच्यात सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी माहुली गडावर मी स्वतः होते. म्हणजे असायला हवी होते, पण मला शोधायला कुणी आलंच नाही, कारण आम्ही हरवलोय हेच कुणाला माहीत नव्हतं. त्याची ही गोष्ट आहे, थोडी लांबलीय, कापायची तर कापा पण त्यातला ४२ चा आकडा तेवढा कापू नका.

मी ५४ वर्षांची, ठाणे पूर्वेला कोपरीत राहते, एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते. डोंगर अगदीच नवीन आहे असं नाही, कॉलेजात असताना पेब, राजमाची झालेत, नंतर संसारात सगळं राहिलं, आता मुलं मोठी झाल्यावर रविवारी सकाळी येऊरला जाते, एअरफोर्सच्या गेटपर्यंत चढ चढून परत, तेवढाच स्टॅमिना. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने इन्स्टावर माहुलीच्या ट्रेकची जाहिरात दाखवली, आसनगाव ते आसनगाव ७९९ रुपये, नाश्ता जेवण धरून, खाली लिहिलेलं "बिगिनर्स फ्रेंडली". मॅडम चला ना, म्हणाली. मी पण म्हंटलं चला.

आता माहुली हा काही बिगिनर्सचा गड नाही. नेटवर पुष्कळ ठिकाणी ठाणे जिल्ह्यातलं सर्वात उंच शिखर म्हणून लिहिलेलं असतं, ते चूक आहे, याच शहापूर तालुक्यात डेहण्याजवळचा आजा पर्वत त्याच्यापेक्षा बराच उंच आहे. पण चढायला माहुली भारी पडतो हे खरं, उंची साडेआठशे मीटरच्या वर आणि पायथ्याचं गाव जवळजवळ सपाटीला, म्हणजे लोणावळ्यासारखं गाडीने निम्म्यावर जाऊन उरलेलं चढायचं हा प्रकारच नाही, सगळी उंची स्वतःच्या पायाने. आणि जंगल. तानसा अभयारण्याचं जंगल आहे ते, साग, ऐन, कळक आणि वर गेलं की कारवी, सप्टेंबरात कारवी डोक्याच्या वर जाते आणि दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पळसगड, माहुली, भंडारगड असे तीन गड मिळून एक डोंगर. खालून लोकलच्या खिडकीतून बघितलं तर कंगव्याचे दात मोडल्यासारखे सुळके दिसतात, नवरा नवरी भटजी आणि वजीर.

सकाळी साडेसहाला आसनगाव स्टेशनबाहेर जमायचं होतं. कसारा लोकल पकडून आम्ही दोघी सव्वासहालाच पोचलो. तिथे एक पंचवीसेक वर्षांचा लीडर, गळ्यात शिट्टी, हातात पॅडला लावलेला कागद, त्यावर ४२ नावं. नाव सांगितलं की तो टिक करायचा. मला बरं वाटलं बघून, आम्हा अकाउंट्सवाल्यांना यादी आणि टिक दिसली की विश्वासच बसतो. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलो, मग जीपने गाव, मग पोहे, मग चहा, मग गोल करून उभं करून प्रत्येकाने नाव, काय करता आणि आवडता हिरो कोण हे सांगायचं. ४२ जणांचे ४२ हिरो ऐकेपर्यंत ऊन चढलं. मग वनखात्याच्या गेटवर पावत्या, मग ग्रुप फोटो, मग ड्रोनवाल्याला परत एकदा सगळे चालत येताय असं हवं होतं म्हणून परत एकदा चाललो. प्रत्यक्ष चढायला लागलो तेव्हा माझ्या घड्याळात पावणेदहा वाजलेले. साडेसहाला जमून पावणेदहा. हे सव्वातीन तास लक्षात ठेवा, संध्याकाळी लागणार आहेत.

चढाचं वर्णन करून तुमची जागा खात नाही, पण ज्यांना वाटतं हे नुसतं फॅड आहे त्यांच्यासाठी थोडं. सुरुवातीला सपाटी आहे, ओढा ओलांडायचा, पाणी घोट्यापर्यंत होतं, दगडांवर शेवाळ. मग सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार, लागते आणि ती काही संपत नाही. सावली आहे पण वारा नाही, जंगलात दमट इतकं की घाम वाळतच नाही, शर्ट पिळून काढावा असा. वाटेवर भोकरं पडलेली, लाल मातीत खेकड्यांची बिळं, दोन झाडांच्या मध्ये हाताच्या पंजाएवढा कोळी जाळं लावून बसलेला, पुढच्या मुलीने किंचाळून ते तोडलं, मला त्या कोळ्याचंच वाईट वाटलं. शेवटी शेवटी कातळ, हाताने धरून चढायचे टप्पे, आणि मग ती लोखंडी शिडी. शिडीवर एका वेळी एकच जण, आणि खाली आमचेच ४२ आणि दुसऱ्या दोन ग्रुपचे मिळून शंभरेक माणसं रांगेत. सिद्धिविनायकाला मंगळवारी असते तशी रांग. तिथेच तासभर गेला. मी शिडी चढून वर पाय ठेवला तेव्हा दोन वाजायला आले होते.

खरं तर तिथेच, त्या मिनिटाला, कुणीतरी म्हणायला हवं होतं की बास, आता इथेच डबे खा आणि उतरा. माझा भाचा गिर्यारोहणाचा कोर्स केलेला आहे, त्याने नंतर मला हिशोब समजावला. नेस्मिथ म्हणून एक स्कॉटिश गिर्यारोहक होता, त्याने १८९२ साली एक सोपा नियम मांडला, पाच किलोमीटर चालायला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. ते पण सडसडीत माणसाचं, थंड हवेतलं, न थांबता. आपल्याकडच्या दमट हवेत, ४२ जणांच्या घोळक्यात, त्यात पाचसात माझ्यासारखे, म्हणजे सरळ दुप्पट धरायचं. आणि घोळका त्यातल्या सर्वात हळू माणसाच्या स्पीडने चालतो, सर्वात फास्ट माणसाच्या नाही, हे तर नेस्मिथशिवाय पण कळतं, कुठल्याही लग्नाच्या वऱ्हाडात बघा.

पण लीडर म्हणाला अजून भंडारगड करायचाय, कल्याण दरवाजाकडे गेल्याशिवाय माहुली केल्यासारखं होत नाही, वजीर तिथूनच जवळून दिसतो, रील तिथेच निघते. आणि आम्ही पण गेलो. मी कबूल करते, मला पण बघायचं होतं. आणि बघितलं ते विसरणार नाही. कारवीच्या बोगद्यातून वाकून वाकून चालत एकदम कड्यावर बाहेर येतो आपण, आणि समोर तो वजीर सुळका, सरळसोट, पायाखाली दरी, ढग खालून वर येतायत आणि सुळक्याला अडकून फाटतायत, दुसऱ्या अंगाला तानसाचं पाणी पत्र्यासारखं चमकतंय. ज्या पाण्यावर मुंबई सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जगतेय ते वरून बघायला मिळतं. एका कॉलेजच्या मुलाच्या डोळ्यात पाणी आलं होतं खरंच, नंतर तोच माझ्याबरोबर हरवला. म्हणून कुलूप लावा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हे कुलूपबंद करायची गोष्ट नाही हो. ठाण्यात आमच्या पोरांना मॉल आणि पार्किंग सोडून बघायला काय उरलंय, तासाभर लोकलने गेलं की शहाजीराजांचा गड आहे, जिजाऊ आणि लहानगे शिवबा जिथे राहिले असं सांगतात तो, १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट जिथे झाला तो.

आणि इतिहासावरून आठवलं. लीडरने वर महादरवाजाच्या देवडीत बसवून इतिहास सांगितला, छान सांगितला, घोषणा झाल्या. १६५८ ला महाराजांनी घेतला, १६६५ ला पुरंदरच्या तहात द्यावा लागला, १६७० ला परत घेतला. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही, ती मी घरी येऊन वाचली. १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी रात्री शिड्या लावून हल्ला केला तो फसला, वरचा मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड जागा होता, आपली पुष्कळ माणसं गेली आणि उरलेल्यांना माघार घ्यावी लागली. मग जूनमध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी गड घेतला. म्हणजे याच डोंगरावरून खुद्द महाराजांची माणसं एकदा परत फिरलीत, आणि त्यात कुणी कमीपणा मानला नाही, चार महिन्यांनी परत आले. आणि आमच्यात ७९९ रुपये भरलेत म्हणून कुणी अर्ध्यातून परत फिरायला तयार नाही.

सव्वातीन वाजता उतरायला लागलो. परत शिडी, परत रांग. माझा डावा गुडघा शिडीच्या खालीच बोलायला लागला. चढताना दम लागतो पण उतरताना गुडघे आणि मांड्या मार खातात, प्रत्येक पावलाला अख्खं वजन एका पायावर झेलायचं, आणि थकलेल्या मांड्या थरथरायला लागल्या की पाऊल पडतं ते आपण ठेवतो तिथे पडत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. पुढचे पळाले. मी, ऑफिसची मुलगी आणि तो कळव्याचा कॉलेजचा मुलगा, त्याच्या पोटऱ्यांना गोळे आलेले, बिचाऱ्याने दिवसभरात तीन बाटल्या नुसतं पाणी प्यायलं होतं, मीठ नाही काही नाही. माझ्याकडे लिंबू, मीठ, साखर होती ती दिली, बसलो दहा मिनिटं. सर्वात मागे एक लीडर ठेवतात, तो सगळ्यांना पुढे घालून शेवटी येतो अशी पद्धत असते. तो होता आमच्याबरोबर, पण पुढे कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून शिट्टी झाली, तो म्हणाला काकू तुम्ही हळूहळू या, वाट एकच आहे, बाण बघत या, आणि गेला. मीच म्हंटलं जा बाबा तू, आम्ही येतो. ही माझी चूक, ती मी माझ्या खात्यावर टाकते.

वाट एकच आहे हे चढताना खरं असतं. चढताना सगळ्या वाटा एकमेकींना मिळत मिळत वर येतात, कुठूनही चढा, डोंगराचा माथा एकच. उतरताना त्याच वाटा फुटत जातात, सोंडेच्या दोन सोंडा होतात, दोनाच्या चार, आणि प्रत्येक फाट्यावर चुकायची सोय असते. त्यात ढोरवाटा. गुरं चरून चरून पाडतात त्या वाटा माणसाच्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात, पण त्या डोंगराला आडव्या जातात, उतरत नाहीत. गावातल्या माणसाला बघताक्षणी कळतं, आपल्याला नाही. आणि बाण. एका दगडावर पांढरा बाण डावीकडे, त्याच्याच खाली केशरी बाण उजवीकडे, आणि शेजारी कुणाचं तरी नाव आणि बदामात प्रेयसीचं नाव. प्रत्येक ग्रुप आपापला रंग घेऊन येतो आणि आपापले बाण काढतो, कुठला बाण कुठे नेतो हे ज्याने काढला त्यालाच ठाऊक. आम्ही पांढरा धरला.

पाऊण तास चाललो. साडेपाच वाजून गेले. आधी वाटलं लीडर दिसेल आता, मग वाटलं आवाज तरी येईल, मग लक्षात आलं की सकाळी आपण एवढी आडवी वाट चाललोच नव्हतो. पाण्याचा आवाज यायला लागला तसा तो मुलगा म्हणाला काकू ओढा आहे, ओढा धरून उतरू, ओढा गावातच जाणार. हे मी पण लहानपणापासून ऐकलेलं. पण हे सह्याद्रीत चालत नाही. भाच्याने नंतर कागदावर काढून दाखवलं, आपले डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, घडीच्या चपात्या ठेवल्यासारखे, कडेने बघितलं तर पायऱ्या पायऱ्या. ओढा पहिल्या पायरीवर सरळ वाहतो, आणि कडेला आला की सरळ खाली उडी मारतो. पाण्याला उडी मारता येते. पावसाळ्याच्या शेवटी ओढ्यातून उतरायला गेलेली माणसं धबधब्याच्या डोक्यावर जाऊन अडकतात, खाली जाता येत नाही आणि शेवाळावरून परत वर येता येत नाही. आम्ही त्या ओढ्यात उतरलो असतो. मी तर एक पाय टाकला होता.

"कुठं चाल्ल्या बाय? तिकडं वाट नाय."

मागे वळून बघितलं तर डोक्यावर लाकडाची मोळी, हातात कोयता, पायात काही नाही, साठीची तरी असेल बाई. बरोबर एक पिवळं कुत्रं. मी तिला मावशी म्हंटलं, वयाने मीच फार लहान नसेन. तिने काही विचारलं नाही, कुठून आलात, का आलात, काही नाही, फक्त माझ्या पायाकडे बघितलं आणि मोळी खाली ठेवून त्यातलं एक लाकूड ओढून काढलं, कोयत्याने दोन फांद्या उडवल्या आणि काठी करून दिली. मग मोळी परत डोक्यावर घेतली, आम्ही दोघांनी हात लावायला गेलो तर नको म्हणाली, तोल जातो. आणि चालायला लागली. सहा वाजता आकाशात उजेड होता पण झाडाखाली नव्हता. माझ्या मोबाईलची बॅटरी ९ टक्के, त्या मुलाचा कधीच बंद पडलेला रील काढून काढून, ऑफिसच्या मुलीच्या मोबाईलच्या उजेडात आम्ही तिच्या टाचांकडे बघत उतरलो. भेगा पडलेल्या टाचा, आणि त्या कुठेही घसरल्या नाहीत एकदा पण. माझे ३,२०० रुपयांचे शूज चारदा घसरले. वाटेत दोनदा थांबली, दोन्ही वेळा कुत्र्यासाठी.

सव्वाआठ वाजता गावाच्या सपाटीला आलो. आणि तिथे नेटवर्क आलं तशी त्या मुलीचा मोबाईल टणटण वाजायला लागला. ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संध्याकाळी ६.५२ चा मेसेज, "ऑल ४२ सेफली डाउन! थँक यू गाइज, व्हॉट अ ट्राइब!" पुढे तीन बदाम, एक डोंगर. खाली फोटो. त्याखाली पस्तीसेक अंगठे. ६.५२ ला आम्ही तिघं मावशीच्या टाचांमागे होतो.

मी हिशोबाचं काम करते म्हणून मला ते इतकं लागलं असेल. चिडून विचारलं तर लीडर खरंच शरमला होता, पोरगा वाईट नाही, म्हणाला काकू जीप दोन फेऱ्यांत गेल्या, पहिल्या फेरीवाल्यांना वाटलं तुम्ही दुसरीत, दुसरीवाल्यांना वाटलं तुम्ही पहिलीत. मी म्हंटलं अरे पण तुझी ती यादी? तर यादी सकाळी टिक करून बॅगेत गेली ती गेलीच. ४२ हा सकाळचा आकडा होता, तोच त्याने संध्याकाळी परत छापला. आमच्या ऑफिसात सकाळची शिल्लक कुणी संध्याकाळची म्हणून लिहिली, पेटी न उघडता, तर दुसऱ्या दिवशी घरी बसेल तो.

म्हणून संपादकसाहेब, बंदी नको आणि मोठमोठे नियम पण नको, नियम आहेत ते पुष्कळ आहेत. २०२१ ला राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आलंय, नोंदणी करा, प्रशिक्षित माणूस ठेवा, प्रथमोपचार ठेवा, सगळं त्यात आहे. दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात ते वेगळे, आणि बंदी घातली की लोक गेट चुकवून दुसरीकडून चढतात, मग तर गावाला पण कळत नाही कोण वर आहे. माझं मागणं एवढंसं आहे. प्रत्येक ट्रेक ग्रुपच्या यादीत नावापुढे दोन रकाने पाहिजेत, चढला आणि उतरला, आणि दुसऱ्या रकान्यात टिक मारताना माणूस समोर उभा पाहिजे, त्याची सही पाहिजे. दोन्हीची टॅली लागल्याशिवाय लीडरने पायथा सोडायचा नाही, जीपवाल्याने जीप काढायची नाही. खर्च किती, एक पेन. गडांच्या पायथ्याला जिथे जिथे पावती फाडतात तिथे तर आणखी सोपं आहे, तिकिटाचा अर्धा तुकडा उतरल्यावर परत घ्यायचा, जसं आपल्या मंदिरात चपलांचा बिल्ला परत देतो. संध्याकाळी सहाला किती बिल्ले कमी आहेत ते एका नजरेत कळेल. चपला हरवू नयेत म्हणून आपण केवढी सोय करतो बघा.

दुसरं, परतीची वेळ सकाळी पायथ्याशीच सांगायची, सगळ्यांसमोर. बारा वाजता जिथे असू तिथून मागे, शिडी दिसत असली तरी मागे. वर गेल्यावर ठरवायचं म्हंटलं तर कुणीच मागे फिरत नाही, वजीर समोर दिसत असताना मी पण फिरले नसते. आणि आवडता हिरो लोकलमध्ये विचारा.

आणि तिसरं, हे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ४२ जणांचे ७९९ रुपयांनी ३३,५५८ होतात, करून ठेवलाय हिशोब. त्यातून गावाला काय मिळालं तर पोह्यांचे आणि पिठलं भाकरीचे पैसे, आणि जीपचे. वाट दाखवायला गावातलं एकही माणूस नव्हतं. एक माणूस पुढे आणि एक मागे असे दोन जण गावातले घेतले असते, त्यांना रोजाच्या दुप्पट दिले असते तरी त्या तेहतीस हजारात कुठे दिसले पण नसते. डोंगर त्यांना पाठ आहे, ढोरवाट कुठली ते त्यांना कळतं, आणि ते मागच्याला सोडून पुढे पळत नाहीत, ते मी बघितलंय. बाण रंगवणं तर बंदच करा, गावातल्या पोरांना विचारून एकाच प्रकारच्या खुणा ठेवा, बाकी सगळा ऑइलपेंट घासून काढा.

जाणाऱ्यांनी काय करायचं ते पण सांगते कारण दोष निम्मा आमचा. टॉर्च न्या, मोबाईल म्हणजे टॉर्च नाही. मीठ साखर न्या. मागे राहिलात तर "तुम्ही व्हा पुढे" असं शहाणपण करू नका, भिडेखातर बोललेलं हे वाक्य मला केवढ्याला पडलं असतं. वाट चुकलीय असं वाटलं तर पुढे जाऊ नका, शेवटची ओळखीची खूण होती तिथे परत चढून जा, पाय नको म्हणतात पण जा, आणि तेही जमत नसेल तर एका जागी बसा नि शिट्टी वाजवत रहा. रेंज असेल तर ११२ लावा. राज्यात गिर्यारोहकांचीच महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर म्हणून संस्था आहे, तिची हेल्पलाइन आहे, नंबर निघायच्या आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. आणि घरी एका माणसाला सांगून जा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काहीतरी गडबड आहे. आमच्या ह्यांना मी "ट्रेकला जातेय, रात्री येईन" एवढंच सांगून गेले होते, ते आठ वाजता भारताची मॅच बघत होते.

मावशीला पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत, मी जबरदस्ती केली तर म्हणाली लाकडाचे दे वीस रुपये, काठी झाली ना त्याची. सुट्टे नव्हते, तिच्याकडे पण नव्हते. शंभराची नोट घेईना. वीस रुपये द्यायचे राहिलेत, ते माझ्या वहीत येणे-देणेमध्ये लिहून ठेवलेत. डिसेंबरात थंडी पडली की आम्ही तिघं परत जाणार आहोत, सुट्टे घेऊन आणि एक चांगला सेलचा टॉर्च घेऊन, गावातलाच एक मुलगा वाटाड्या म्हणून सांगून ठेवलाय. बारा वाजेपर्यंत शिडीला लागलो तर वर, नाहीतर तिथूनच मागे.

नाव छापू नये ही विनंती, ऑफिसात अजून ही गोष्ट मी अर्धीच सांगितलीय.

आपली एक वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)

ता.क. पत्र पोस्टात टाकायच्या आधी त्या ग्रुपचा मेसेज आला, फीडबॅक फॉर्म भरा आणि पुढच्या ट्रेकला १०० रुपये डिस्काउंट मिळवा. फॉर्म उघडला. जेवण कसं होतं, लीडर कसा होता, फोटो आवडले का, सगळ्याला पाच पैकी स्टार द्यायचे. किती वाजता उतरलात हे कुठे विचारलेलं नाही, म्हणून सूचनांच्या चौकटीत मीच लिहिलं, ८.१५.